उजवीकडची विहीर

आमच्या भाऊजींना घरातली वस्तू हलवली की मोठ्याने सांगायची सवय आहे. "खुर्ची खिडकीकडे ओढली आहे!" "मीठ खालच्या फळीवर ठेवलंय!" "दार अर्धंच लोटलंय, पूर्ण नाही!" घरात दुसरं कुणी नसलं तरी सांगतात. एकदा एकटेच माझ्याकडे जेवायला आले, तर पाण्याचा जग सरकवून म्हणाले, "जग डावीकडे घेतला." टेबलाशी आम्ही दोघंच, आणि दोघांनाही चांगलं दिसत होतं. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव 'कॉमेंट्री' ठेवलंय. जिन्यात भेटले की विचारतात, "काय कॉमेंट्री, आज काय काय हललं?" भाऊजी हसतात. मला मात्र हसू येत नाही, कारण ही सवय त्यांना का लागली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. पुढे काउंटरवर गोड बोलणारी मंडळी, आरसे, दिवे. मागे एक पडदा, आणि पडद्यामागे घासायचं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, आणि भाऊजी. काच फ्रेमच्या मापाला घासायची, खाचेत बसवायची, मुंगीएवढा स्क्रू आवळायचा, की झाला चष्मा. हात इतका हलका की चष्मा नाकावर ठेवलाय हे माणसाला कळू नये.

पण या धंद्यात एक खोड आहे, आणि ती त्यांच्या अंगात पूर्ण मुरली आहे. बसवताना काच तडकली, तर गिऱ्हाइकाला तसं सांगायचं नाही. "माल अजून आला नाही, परवा या," म्हणायचं. तेवढ्या वेळात त्याच नंबरची दुसरी काच घासून बसवायची. गिऱ्हाईक चष्मा लावतं, खूश होऊन जातं, काय फुटलं होतं ते त्याला जन्मात कळत नाही. माणूस भला आहे हो. फक्त वाईट बातमी सांगायची वेळ आली की जिभेला कुलूप. आणि वर एक ठरलेला शब्द, "बघतो." या 'बघतो'नेच घात केला.

माझी ताई टायपिस्ट होती. बोटं अशी चालायची की साहेबाचं वाक्य संपायच्या आत हिचा पूर्णविराम. कीबोर्डकडे तिने कधी पाहिलं नाही, आणि पाहणाऱ्यांची तिला कीव यायची. पन्नाशी ओलांडली आणि तिला कागदावरच्या शब्दांच्या मधोमध धूसर डाग दिसायला लागला. भाऊजींनी एक चष्मा करून दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, त्यावर चष्म्याचा उपयोग नाही. तिला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. "तुमच्याकडे बघितलं की कान दिसतात, तोंड नाही," ती भाऊजींना म्हणाली. मी म्हटलं, "फार नुकसान नाही ताई." ती पोट धरून हसली. भाऊजी नाही हसले. आयुष्यभर लोकांना डोळे दिले आणि घरच्या डोळ्यांपुढे हात टेकावे लागले, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

आता त्या खेळाचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. माझ्या भाच्याने शाळेत असताना हट्ट करून टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेतलं होतं. त्यात एका गावाचा खेळ होता. टोपली घेतलेली एक मुलगी, तिचं शेत, गाई, कोंबड्या. पोरगं शाळेत गेलं की त्याच्या गाई उपाशी राहायच्या, आणि ताईला ते बघवायचं नाही. "अगं, त्या खोट्या आहेत," मी म्हणायचे. "भूक खोटी आहे का? बघ कशी मान खाली घालून उभी आहे," असं ती म्हणायची आणि गाईला चारा घालायची. पोरगं मोठं झालं, नोकरीसाठी लांब गेलं. मशीन राहिलं आणि गाव ताईचं झालं. तिने तिथे फळबाग लावली, कुंपण घातलं, विहीर बांधली. गाईंना आमच्या नात्यातल्या बायकांची नावं दिली. माझ्या नावाची गाय मारकुटी होती, हे मी अजून विसरलेले नाही.

डोळे गेले तरी ताईचा हा खेळ बंद पडला नाही. ते गाव तिला पाठ होतं. फाटकातून सरळ जायचं, पाण्याचा आवाज आला की डावीकडे वळायचं, विहीर ओलांडली की कोंबड्यांची कलकल, तिथे थांबायचं, दाणे टाकायचे. अंगठे आपसूक चालायचे, जसे पूर्वी कीबोर्डवर चालायचे. रस्त्यावर ती माझा दंड धरून चालायची, बँकेत कुणीतरी तिच्या वतीने बोलायचं, पण त्या गावात ती कुणाचा हात धरत नव्हती. मला म्हणाली होती, "इथे अजून माझं राज्य आहे." आणि हे राज्य घराच्या आत झिरपलं होतं. गावात न अडखळता फिरून आली की ती स्वयंपाकघरातही ताठ मानेने फिरायची, स्वतः चहा गाळायची, एक थेंब सांडायची नाही.

मग जुना टीव्ही बिघडला. भाऊजींनी हौसेने भिंतीएवढा नवा टीव्ही आणला, म्हणजे ताईला कडेने का होईना जास्त दिसेल. पण जुन्या मशीनची वायर त्यात बसेना. त्याच सुमारास मी ताईला घेऊन आठवड्यासाठी आमच्या मावशीकडे गेले होते. भाऊजींना वाटलं, ती यायच्या आत नवं मशीन आणून तिला चकित करावं. दुकानातल्या माणसाला त्यांनी विचारलं, "यावर खेळाच्या जुन्या डिस्क चालतील?" तो म्हणाला, "सगळ्या चालतील, उलट चित्र आणखी स्वच्छ दिसेल." जुनं द्या, नवं घ्या अशी योजना होती. भाऊजींनी जुनं मशीन पुसून-बिसून काउंटरवर ठेवलं आणि नवं घेऊन आले.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. घरी येऊन भाऊजींनी डिस्क घातली, तीच ओळखीची धून वाजली, चित्र आरशासारखं लख्ख. आणि पडद्यावर आलं: नवा खेळ सुरू करा. त्याखाली दुसरं काहीच नाही. सुरू केल्यावर दिसलं एक मोडकं फाटक, दगडधोंडे आणि गुडघाभर गवत.

त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, डिस्कमध्ये नुसता खेळ असतो. आईचं गाव मशीनच्या पोटात होतं. मशीन कुठे आहे?" भाऊजी तसेच चपला घालून दुकानात पळाले. पण जुनं मशीन हातात आलं की आधी आतलं सगळं पुसून टाकायचं, असा त्या दुकानाचा नियम होता. नियमाप्रमाणे ते पुसून झालं होतं. भाच्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, "बाबा, आईला सरळ सांगून टाका." भाऊजी म्हणाले, "बघतो." लांब बसलेल्या पोराला वाटलं, सांगितलं असणार.

आणि त्यांनी काय केलं? दुसरी काच घासायला घेतली. दुकानातून रजा काढली आणि दिवसभर टीव्हीसमोर बसून बायकोचं गाव पुन्हा उभं करायला लागले. मुंगीएवढे स्क्रू आवळणारा हा माणूस, पण त्या कंट्रोलरवर अंगठा म्हणजे मुसळ. पाणी घालायला विसरले, रोपं वाळली. गाय आजारी पडली. तरी हळूहळू कुंपण झालं, झाडं लागली, विहीर झाली. अडचण एकच होती. इतकी वर्षं ताई खेळायची तेव्हा भाऊजी टीव्हीकडे पाठ करून आपल्या टेबलाशी घरी आणलेल्या फ्रेमा दुरुस्त करत बसायचे. विहिरीचा आवाज त्यांच्या कानात होता, कोंबड्यांचा होता. पण कुठली वस्तू कुठे होती, हे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. हे ते पुढे मला सांगताना लहान मुलासारखे रडले. "मी तिथेच बसलेला असायचो," एवढंच म्हणत होते.

आम्ही परत आलो. भाऊजींनी ताईला टीव्हीसमोर बसवलं, नवं मशीन हाताला लावून दाखवलं. ओळखीची धून वाजली तशी ताई खुलली. मान जरा तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने बघत तिने अंगठा दाबला. फाटकातून सरळ निघाली. पाण्याचा आवाज आला. ती डावीकडे वळली आणि ठक्कन आपटली. मागे आली, पुन्हा वळली, पुन्हा ठक्. समोर कुंपण होतं.

"अहो, हे काय? इथे विहीर होती ना?"

"विहीर उजवीकडे आहे," भाऊजी म्हणाले.

"उजवीकडे? मी तर डावीकडे वळते."

"नाही गं. तू पहिल्यापासून उजवीकडेच वळायचीस की."

मी तिथेच सोफ्यावर बसले होते. मलाही तो खेळ नीट माहीत नव्हता, आणि भाऊजी इतक्या सहज बोलले की मी मान डोलावली. मग ताईने उजवीकडे वळून पाहिलं. विहीर होती. "हो का," ती म्हणाली. तिचा तो 'हो का' मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर रोज काहीतरी आपटायचं. गोठ्याच्या जागी आंबा निघायचा, आंब्याच्या जागी दगड. ताईला वाटलं नाही की गाव बदललं. तिला वाटलं, आपण बदललो. डोळे गेले ते तिने पचवलं होतं, कारण डोळ्यांमागे डोकं शाबूत होतं. आता डोकंही चाललं, असं तिने मनाशी धरलं. ती भिंत धरून चालायला लागली. चहा गाळणं सोडलं. गॅस बंद केला का, म्हणून दहादा विचारायला लागली. एकदा मला फोन करून विचारलं, "धाकटे, आपण शाळेत जायचो तेव्हा आधी पूल लागायचा का दवाखाना?"

"पूल," मी म्हटलं.

"मलाही पूल वाटत होता," ती म्हणाली, आणि किती हलक्या आवाजात म्हणाली! ती माझ्याकडून स्वतःची परीक्षा घेत होती.

आणि भाऊजी? खाई त्याला खवखवे. जेवण सुटलं, दुकानात दोन काचा एका दिवसात फोडल्या. मला वाटायचं, बायकोच्या काळजीने माणूस खंगतोय. मी त्यांना धीर देत होते, त्यांना सूप करून नेत होते! आता आठवलं की ते सूप त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटतं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. पण एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लावला होता, आता एक काढलं तर सगळंच अंगावर येणार होतं. गावाचं सांगायचं म्हणजे 'उजवीकडेच वळायचीस' हेही सांगावं लागणार होतं. तिथे ते अडायचे.

शेवटी ताईच म्हणाली, "मला डॉक्टरकडे न्या. डोळ्यांच्या नको, डोक्याच्या."

आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांतपणे विचारत होत्या. आजची तारीख? ताईने सांगितली. शंभरातून सात वजा करत जा. ताई झरझर उतरली. मग बाईंनी विचारलं, "विसरायला होतंय असं कधीपासून वाटतं?"

ताई ओशाळून म्हणाली, "हसू नका हं. मी टीव्हीवर एक खेळ खेळते. इतक्या वर्षांचा माझा रस्ता तिथला, आता सापडत नाही. झाडांवर आपटते. माझी स्वतःची विहीर कुठल्या हाताला होती तेही आठवत नाही. म्हटलं, आज विहीर गेली, उद्या घर जाईल, परवा..." तिने भाऊजींच्या दिशेने हात केला. "परवा ही माणसं."

"ती विसरत नाहीये," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"ती काहीच विसरलेली नाही. विहीर डावीकडेच असणार. ती म्हणते तिथेच सगळं असणार. झाडं मी हलवली." त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "जुनं मशीन देऊन टाकलं. गाव त्यातच होतं. मी अंदाजाने दुसरं केलं आणि हिला सांगितलं, हेच तुझं."

डॉक्टरबाईंना काही कळेना, बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ताई उठली. "तुमचा वेळ घेतला, माफ करा," असं बाईंना म्हणाली. मी दंड पुढे केला, तो तिने बाजूला सारला, आणि खुर्चीला वळसा घालून, कशालाही न धडकता, सरळ दारातून बाहेर गेली. वाईट प्रसंग होता, पण तिची ती चाल बघून माझ्या जिवात जीव आला. ती आमची जुनी ताई होती.

पुढचे काही दिवस ती भाऊजींशी एक अक्षर बोलली नाही. चहा मात्र स्वतः गाळला, दोघांचा. त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवायची आणि आत निघून जायची. भाऊजी म्हणायचे, "ओरड गं. काहीतरी बोल." मी मध्ये पडून म्हटलं, "ताई, त्यांनी मुद्दाम नाही केलं. तुझ्या सुखासाठीच करायला गेले."

तेव्हा ती बोलली. माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

"गाव गेलं त्याचं मला काही वाटत नाही हो. वस्तू आहे, जाते. तुम्ही येऊन म्हणाला असता, 'माझ्या हातून गेलं,' तर मी दिवसभर रडले असते आणि दुसऱ्या दिवशी नवं फाटक लावलं असतं. पण मला एकच गोष्ट उरली होती, मला जे आठवतं ते खरं आहे ही. ती तुम्ही काढून घेतलीत. मी भिंत धरून चालत होते आणि तुम्ही बघत होतात."

भाऊजी म्हणाले, "हो." त्यांनी सफाई दिली नाही, आणि त्यासाठी मी त्यांना थोडे गुण दिले.

मग एका दुपारी ताईने त्यांना हाक मारली. "या. टीव्हीकडे तोंड करून बसा." ती सांगत गेली, ते करत गेले. ही झाडं पाडा, तिकडे लावा. गोठा मागे घ्या. विहीर खणा, डावीकडे. सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी होतं, एक दगड इकडचा तिकडे नाही. काम पुष्कळ दिवस चाललं. त्याच दिवसांत भाऊजी बोलायला लागले, "कुंपण संपलं इथे. आता आंबा लावतो. लावला." आणि मग खेळाबाहेरही: "स्टूल दाराजवळ ठेवलंय." "तुझी काठी खुंटीला आहे, खालच्या." कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हाताने हललेलं काहीही आता तिच्यापासून लपून राहू नये, एवढंच त्यांना उरलं होतं.

गाव परत झालं. ताई परत त्यात एकटी फिरते. पण उजवीकडची विहीर तिने पाडू दिली नाही. फाटकातून आत गेलं की आधी उजवीकडून पाण्याचा आवाज येतो, मग पुढे डावीकडून. परवा मी तिच्याशेजारी बसले होते तेव्हा विचारलं, "ताई, दोन दोन पाण्यांनी तुझा गोंधळ नाही का होत? ती खोटी विहीर काढून टाक ना आता."

"माझा नाही होत," ती म्हणाली. अंगठा तिचा चालूच होता. "ती माझ्यासाठी नाहीये. त्यांच्यासाठी आहे."

मी मागे वळून पाहिलं. भाऊजी चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. पडद्यावर टोपलीवाली मुलगी त्या उजव्या विहिरीपाशी आली, पाणी खळखळलं, आणि भाऊजींची मान खाली गेली. रोज जात असणार. ते पुढे आले, कप टेबलावर ठेवला.

"कप तुझ्या उजव्या हाताला ठेवलाय गं."

ताईचा अंगठा थांबला. "उजव्या?"

"उजव्या," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "खरंच उजव्या."

ताईने हात पुढे केला. कप तिथेच होता.